चिमूटभर मिठाची बखर

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या घरी एक लहानशी लढाई झाली. दिवाळीच्या आधी आमच्या डोंगरकड्यात घरोघर भाजणीचा वास सुटतो. आमच्याही स्वयंपाकघरात चकलीचे पीठ मळणे चालले होते. आईने परातीतले चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले.

"मीठ घालायचं विसरलीस काय गं?"

"विसरले नाही, आत्याबाई. कमी घातलंय. डॉक्टरांनी सांगितलंय ना!" पत्नी म्हणाली.

"डॉक्टर काही का सांगेना. सुतक पडल्यासारखं अळणी खायला मी काय पाप केलंय?"

त्याच महिन्यात आईचा रक्तदाब 180 वर 110 निघाला होता. माझे वडील अर्धांगाच्या झटक्याने गेले. हळदीच्या शेतातून त्यांना बैलगाडीत घालून आणले, तेव्हा त्यांची वाचा गेलेली होती. रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्यांच्या दंडाला जन्मात कधी बांधला गेला नव्हता. तेव्हा मी कोणाच्या बाजूने होतो हे सांगायला नकोच. तरी आईचा तो 'सुतक' शब्द मनात अडकून बसला. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा मास्तर, मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेला. वैद्यकात माझा अधिकार नाही. पण एखाद्या शब्दाचा माग काढत बसण्याची खोड मात्र आहे.

आणि माग काढला तो आई चुकलेली नव्हती! अशौचात मीठ वर्ज्य सांगितले आहे. इतकेच काय, नव्या वधूवरांनीही पहिल्या तीन रात्री मीठ आणि क्षार न खाता राहावे, असे गृह्यसूत्रे सांगतात. म्हणजे मीठ सोडणे हे आपल्याकडे व्रताचे, वैराग्याचे किंवा दुःखाचे लक्षण. आणि मीठ म्हणजे संसार. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, कष्टाच्या अन्नाला मीठभाकर म्हणतो, लेकराची दृष्ट मीठमोहऱ्यांनी काढतो. दिवेलागणीनंतर शेजारणीने मीठ मागितले तर आजही आमच्या गल्लीत ते देत नाहीत. लक्ष्मी घराबाहेर जाते म्हणे.

हा एवढा मान मिठाला मिळाला कशामुळे? मला वाटते, अंतरामुळे आणि किमतीमुळे. आमच्या गावापासून समुद्र साडेचारशे किलोमीटरांहून दूर. कोकणच्या मिठागरांत पिकलेले मीठ बैलांच्या पाठीवर लादून, घाट चढून, मजल दरमजल करीत लमाणांचे तांडे देशावर आणीत. 'लमाण' हे नावच लवणावरून पडले असे पुष्कळ जण सांगतात. शिवाजी महाराजांनाही मिठाचे मोल पक्के ठाऊक होते. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे स्वस्त मीठ स्वराज्यातल्या मिठाचा व्यापार बुडवील, म्हणून त्यावर जबर जकात बसविण्याविषयी त्यांनी 1671 साली कुडाळच्या सुभेदाराला लिहिले होते.

पुढे इंग्रज आले, आणि मीठ समुद्रापासून दूर होते त्याहून अधिक दूर गेले. 1882 साली मिठावर मणामागे दोन रुपये कर होता, 1888 मध्ये तो अडीच रुपये झाला. मीठ पिकते तेथेच हा कर बसे, आणि किमतीत मुरून तो निजामाच्या मुलखात आमच्या आठवडी बाजारापर्यंत येई. माझी आजी सांगे, "खडा खडा मोजून घालायचो रे. सांडलं तर पापणीनं उचलावं लागतं, असं लेकरांना भेडवायचो."

आता या बखरीतला सर्वांत गमतीचा भाग. 1902 साली नामदार गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले गाजलेले भाषण केले आणि मिठाचा कर कमी करा म्हणून आग्रह धरला. त्यांचा एक मुद्दा असा होता, की हिंदुस्थानात वर्षाला दरडोई दहा रत्तलदेखील मीठ खपत नाही, आणि मोठमोठ्या वैद्यांच्या मते तर निरोगी राहण्याला वीस रत्तल हवे. पुढच्याच वर्षी कर उतरला. 1907 पर्यंत तो मणाला एका रुपयावर आला. 1916 पासून तो पुन्हा चढला, 1930 साली गांधीजी दांडीला गेले, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि 1947 साली हा कर एकदाचा गेला.

मास्तरकीची सवय, मी फळ्यावर गणित मांडावे तसे मांडून पाहिले. वीस रत्तल म्हणजे सुमारे नऊ किलो. भागिले तीनशे पासष्ट. रोजचे पंचवीस ग्रॅम! दहा रत्तल धरले तरी रोजचे बारा ग्रॅम होतात. अर्थात त्यात गुरांचे, मासळीचे मीठही आलेच. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या देशात निरनिराळ्या पाहण्यांत आठ ते अकरा ग्रॅम आढळते. गोखल्यांची बाजू न्यायाचीच होती. गरिबाच्या ताटातल्या मिठावर कर हा जुलूमच. फसले होते ते त्या काळचे वैद्यक.

ते शहाणे होऊ लागले तेही त्याच सुमारास. 1904 साली पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या दोघांनी रुग्णांचे मीठ तोडले आणि रक्तदाब उतरतो असे दाखविले. 1940 नंतर अमेरिकेत केंप्नर नावाच्या डॉक्टराने तर नुसत्या भातावर आणि फळांवर रोगी ठेवले, आणि हाताबाहेर गेलेले कितीतरी सावरले. 1988 साली बत्तीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. तीत ब्राझीलच्या अरण्यातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाब वाढतही नाही.

कारण तसे साधे आहे. मिठातला सोडियम पाणी धरून ठेवतो. मूत्रपिंडांना तो वेळेवर बाहेर टाकता आला नाही, की रक्ताचे आकारमान वाढते आणि नळ्यांवर ताण पडतो. वर्षानुवर्षे असे चालले, की नळ्या ताठरतात. सर्वांनाच मीठ सारखे बाधते असे नाही. उतारवयात आणि आधीच दाब असलेल्यांना अधिक. उलट पोटॅशियम सोडियमला बाहेर काढायला मदत करते, आणि ते केळ्यात भरपूर असते. आमच्याकडे केळीच्या बागा आहेत, म्हणून मला हे वाचून उगीचच अभिमान वाटला. चीनमधल्या सहाशे खेड्यांत मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्षाराचा करून पाहिला, तेव्हा झटक्यांचे प्रमाण चौदा टक्क्यांनी उतरले. हा निष्कर्ष 2021 सालचा. मात्र ज्याची मूत्रपिंडे दुखावलेली आहेत त्याला असे मीठ घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

हे सारे मी आईला वाचून दाखविले. पॅरिस, ब्राझील, चीन – तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मग मी चरकसंहिता काढली. पिंपळी, क्षार आणि मीठ हे तीन पदार्थ अति खाऊ नयेत, असे त्यात स्पष्ट आहे. मिठाच्या अतिरेकाने अंग शिथिल होते, केस अवेळी पिकतात. आणि बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू या प्रदेशांतले लोक तर दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, असा उल्लेख आहे.

"दुधात मीठ? शी!" आई एकदम सावरून बसली. "एवढं कशाला खावं माणसानं?"

मी काही बोललो नाही.

त्यानंतर जेवताना ताटाच्या डाव्या कोपऱ्यातले मीठ आधी गेले, मग पापड, मग लोणच्याची फोड एकाआड एक दिवस. गोळी चालूच आहे. परवा आरोग्य केंद्रात तिचा दाब 142 वर 88 भरला.

यंदाच्या भाजणीत मीठ निम्मे पडले. ओवा आणि तीळ वाढले. आईने पुन्हा चिमूट जिभेवर ठेवली, थोडा वेळ डोळे मिटले.

"खाईन मी," ती म्हणाली. "पण भाऊबीजेला जावई यायचेत. त्यांच्या चकल्यांचं पीठ वेगळं मळ गं. आपल्या घरात मीठ कमी पडलं असं नको वाटायला त्यांना."