गमकाची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यासारख्या गावात सप्ताह बसतो, तेव्हा कीर्तनात चाल म्हणणारा एखादा तयारीचा गायक अभंगाच्या चरणावर स्वर असा हलवतो की टाळकऱ्यांच्या माना डोलू लागतात. जाणकार म्हणतात, ‘काय गमक घेतलं!’ शेजारच्या पेटीवर ते निघत नाही. तिच्या दोन पट्ट्यांमधली जागा गळ्यालाच सापडते.

हा शब्द शास्त्रात नीट बांधून ठेवला तो याच मुलखाने. चौसाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गाने बीड, गेवराई ओलांडून छत्रपती संभाजीनगर गाठलं की देवगिरी हाकेच्या अंतरावर. तिथे यादव राजा दुसरा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा भास्कर दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘संगीतरत्नाकर’ रचला.

‘गम्’ म्हणजे जाणे. ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुखावणारं स्वराचं कंपन म्हणजे गमक, असं तो सांगतो आणि त्याचे 15 प्रकार देतो. हिशेबी माणूसच तो, कंपनाचा वेगही मोजतो. लघू या कालमापाच्या वेगाने स्वर हलला तर आंदोलित, त्याच्या दुपटीने, म्हणजे द्रुताच्या वेगाने, लीन. द्रुताच्या चौथ्या हिश्शात हलला की तिरिप, अगदी लहान डमरूच्या नादासारखा. कुरुळात स्वराला गाठी पडतात, मुद्रितात तोंड मिटलेलं असतं, तर हुंफितात हृदयाला भिडणारा हुंकार. इतक्या बारकाईने गळ्याकडे पाहणारा ग्रंथकार मला तरी दुसरा ठाऊक नाही.

पुढे हिंदुस्थानी गायकीत या शब्दाचा संसार आटला. मींड, कण, खटका, मुरकी अशी वेगवेगळी नावं रुळली. दरबारी कानड्याचा कोमल गंधार डुलतो, त्याला आपण आंदोलनच म्हणतो. पण त्याला गमक म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. आज गमकाची तान म्हणजे छातीतून जोर देऊन, प्रत्येक स्वर शेजारच्या स्वराचा धक्का घेत म्हटलेली तान. शार्ङ्गदेवाच्या यादीत तिचं नातं हुंफिताशी जवळचं वाटतं.

पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने ‘रत्नाकरा’वर टीका लिहिली. दक्षिणेत हा ग्रंथ मानाने वाचला गेला, आणि कर्नाटक संगीतात स्वराच्या सगळ्या हालचालींना आजही गमकच म्हणतात.