लॅन्सेटमधले तिसरे नाव

सोनोग्राफीचा इतिहास ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांच्यापासून सांगतात. १९५५मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ते रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले आणि पोलादातले तडे शोधणाऱ्या यंत्रावर त्या तपासल्या. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे निघाले. पुढे पोटाच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका बाईला प्रत्यक्षात बीजकोशाची पाण्याची गाठ आहे, हे याच तंत्राने उघड झाले; गाठ काढली, बाई वाचली.

मला मात्र टॉम ब्राउन खुणावतो. यंत्रे बनवणाऱ्या कंपनीतला विशीतला तंत्रज्ञ. कुणी डॉक्टर असे यंत्र वापरतो हे कानावर येताच त्याने स्वतःच फोन करून डोनाल्डना गाठले. पडद्यावरच्या रेघांऐवजी शरीराच्या छेदाचे चित्र उमटवणारे यंत्र त्यानेच घडवले. ७ जून १९५८च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखावर दोन डॉक्टरांमागे त्याचे नाव आहे. मराठी लेखांत ते मला अजून भेटलेले नाही.