टेबलमध्ये ओळी दिसतात, पण आकडे गायब? आधी हे तपासा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं वेब ॲप तुम्ही बनवलंय. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे कॉलम आहेत. ओळी बरोबर येतात, पण सर्वसाधारण दराचा कॉलम रिकामा!

कॉम्प्युटरवर एफ १२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरचं उत्तर पाहा.

• दर आलाय? मग दोष बहुधा डेटा बाइंडिंगमध्ये, म्हणजे डेटा आणि कॉलमच्या जोडणीत आहे. फील्डचं नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखं हवं. कॅपिटल-स्मॉलचा फरकही चालत नाही.
• दरच आला नाही? सर्व्हरची क्वेरी तपासा.

रिकाम्या जागी शून्य मात्र भरू नका. 'उपलब्ध नाही' लिहा. माल विकायला निघालेल्या शेतकऱ्यासाठी या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.