रहीमसाहेबांचं मैदान, आमचं अंगण

मी बीड जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात निजाम आणि रझाकार येतात, आणि माझ्या वर्गातली काही मुलं मान खाली घालतात. जुलूम झाला, तो लपवायचं कारण नाही. पण त्याच हैदराबादमध्ये एक शाळामास्तरही होते. ते या मुलांना ठाऊक नसतात.

सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशाने शिक्षक. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले, तेव्हा बीडही त्याच संस्थानात होतं. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. भारत चौथा आला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकंही रहीमसाहेबांच्याच हाताखालची. जून १९६३ मध्ये कर्करोगाने ते गेले.

मला त्यांच्यातला शिक्षक भावतो. कोवळ्या खेळाडूंसाठी ते स्पर्धेचे नियमच बदलत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, दुसरीत कमजोर पायानेच खेळायचं. उपदेशाची गरज नव्हती. नियमच शिकवायचा.

आज जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून लहानग्यांना सक्तीने छोट्या संघांत खेळवतात, अगदी चिमुकल्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या. कारण साधं आहे. अकरा-अकराच्या खेळात लाजरं मूल चेंडूला शिवतही नाही. तीन-तीनमध्ये त्याला लपायला जागाच नसते.

आमच्या शाळेला मैदान नाही, अंगण आहे. ती सबब सांगून मी कैक वर्षं फुटबॉल टाळला. शेवटी विटा मांडून छोटे गोल केले, तीन-तीनचे संघ पाडले आणि एकच नियम ठेवला: तिघांचाही पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. आठवडाभरात, कुणीच संघात न घेणाऱ्या पोराला सगळे हाका मारायला लागले. चेंडू त्याच्याकडे दिल्याशिवाय गोलच होत नव्हता.

यंदा झेंडावंदनानंतर मी पाच मिनिटं रहीमसाहेबांवर बोललो. एकाने विचारलं, "सर, ते आपल्याकडचे होते का?"

मी म्हटलं, "तेव्हा बीड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं, बेटा. आणि ते मास्तर होते. म्हणजे आपलेच."