डेम्लोचे स्थानक आणि देवळालीचे मास्तर

ठाणे-कल्याण भागातील माणसाचे अर्धे आयुष्य आगगाडीच्या वेळापत्रकात जाते असे आम्ही विनोदाने म्हणतो, आणि त्यात विनोदापेक्षा सत्यच अधिक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणास जाऊन पोचला. या मार्गाने आमच्या भागास नोकऱ्या दिल्या, वस्ती दिली आणि रोजची धावपळही दिली. पण याच मार्गावरील एका स्थानकाने जगाच्या गणितशास्त्रास एक नाव दिले, ही गोष्ट तेथे नित्य चढउतार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. ते स्थानक म्हणजे आमची डोंबिवली. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या या स्थानकाचा उल्लेख 'डेम्लो' असा होत असे. तेथे एका तरुणाच्या मनात काही संख्यांविषयी एक विचार आला आणि त्याने त्या संख्यांस 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. त्या तरुणाचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आजच्या विवेचनाचा विषय तेच आहेत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात मोडत असले, तरी २०१४ सालापर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांस वाढविले. वडील पेशाने कारकून, पण त्यांस ज्योतिषाचा मोठा नाद. मुलासही त्यांनी तो लावला. ज्योतिषातील भविष्यकथनावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्याच्या पाठीशी असलेली आकडेमोड मात्र खरीच असते. आपल्या सिद्धांतग्रंथांत 'असकृत् कर्म' नावाची एक रीत आहे. 'असकृत्' म्हणजे एकदाच नव्हे, तर वारंवार. ग्रहाचे स्थान प्रथम अंदाजाने घ्यावयाचे, त्यावरून नवे स्थान काढावयाचे, नव्यावरून पुन्हा नवे; उत्तर हलेनासे झाले की ते खरे मानावयाचे. ही रीत ध्यानात असू द्यावी, कारण पुढे आम्हांस तिच्याकडे परत यावयाचे आहे.

ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेताना कापरेकर तासन् तास गणिती कोडी सोडवीत बसत. १९२३ साली ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली स्वतंत्र संशोधनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांस मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. येथे आजच्या वाचकास वाटेल की पुढे पदव्युत्तर पदवी, प्राध्यापकी, परदेशगमन हे ओघानेच आले असेल. तसे काहीही झाले नाही. १९३० साली ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. बत्तीस वर्षे मुलांस गणित शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळी संख्यांच्या संगतीत रमावयाचे, हाच त्यांचा विद्याव्यासंग आणि हीच त्यांची विद्वत्तेची कारकीर्द.

आता त्या डोंबिवलीच्या संख्या पाहू. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१. एक हजार एकशे अकराचा १२३४३२१. अंक डोंगर चढल्याप्रमाणे चढतात आणि तसेच उतरतात. त्यात आणखी एक गंमत अशी की मधला अंक बाजूस ठेवून डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली, तर तोच मधला अंक पुनःपुन्हा येतो. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४. नऊ एकांच्या संख्येपर्यंत हा डोंगर अभंग राहतो. दहाव्या एकाबरोबर हातचा येतो आणि शिखर ढासळते. डेम्लो संख्यांच्या मोठ्या कुटुंबातील ही सर्वांत देखणी मंडळी. या विषयावर के. आर. गुंजीकर यांच्यासह कापरेकरांनी लिहिलेला निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी देवळालीचेही ऋण असेच फेडले. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, तिला त्यांनी 'देवळाली संख्या' म्हटले. पंधरात एक आणि पाच मिळविले की एकवीस होतात. वीस मात्र अशा रीतीने कोठूनही जन्मास येत नाहीत, ते स्वयंभू!

त्यांची कीर्ती मात्र ज्या शोधावर उभी आहे तो त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे, आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करावे. वानगीदाखल ३५२४ घेऊ. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ उरले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ उरले. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ उरले. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४. गाडी येथे थांबली ती कायमची! कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हेच शेवटचे स्थानक येते.

हा चमत्कार नव्हे, आणि तो का नव्हे हे समजून घेण्यातच खरा आनंद आहे. पहिली वजाबाकी काय येणार हे चार अंकांवर अवलंबून नसून दोनच गोष्टींवर अवलंबून असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर घेऊन त्यास ९९९ ने गुणावे. मधल्या दोन अंकांतील अंतर घेऊन त्यास ९० ने गुणावे. दोहोंची बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. ३५२४ मध्ये ही अंतरे तीन आणि एक. २९९७ अधिक ९० म्हणजे ३०८७. आता पहिले अंतर एक ते नऊ यांपैकीच असणार, आणि दुसरे त्याहून मोठे असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर अवघ्या ५४ भरतात. म्हणजे पुढे शून्ये असलेल्या धरून ९९९० संख्यांचा मेळावा पहिल्याच पायरीनंतर ५४ वाटांत सामावतो. त्या ५४ वाटा शेवटापर्यंत चालून पाहणे हे एका माणसास, एका पेन्सिलीस आणि एका रविवारच्या दुपारीस साधण्यासारखे आहे. १९४९ साली भारतात अंकीय गणकयंत्र एकही नव्हते, आणि या कामास त्याची गरजही नव्हती.

परंतु गणकयंत्राच्या युगाशी या शोधाचे नाते फार जवळचे आहे. आज पुलाची ताकद अजमावणारा अभियंता, विमानाच्या पंखावरून जाणारी हवा अभ्यासणारा शास्त्रज्ञ किंवा पावसाचा अंदाज बांधणारा वेधशाळेतील अधिकारी, हे सारे संगणकावर जे करतात ते मुळात काय असते? आज जी स्थिती आहे तिच्यावर एक नियम चालवून पुढच्या क्षणाची स्थिती काढावयाची, तिच्यावर पुन्हा तोच नियम, पुन्हा तोच. संख्यात्मक पद्धतींचा बराच मोठा भाग हे असकृत् कर्मच आहे. दोनाचे वर्गमूळ काढावयाचे असेल तर एक हा अंदाज घ्यावा; अंदाज आणि दोनास त्या अंदाजाने भागून आलेली संख्या यांची सरासरी घ्यावी; ती होते १.५. पुन्हा केले की १.४१६७, पुन्हा केले की १.४१४२. आरंभी शंभर घेतले तरी थोड्या अधिक पायऱ्यांनी तेथेच येऊन पोचाल.

यामिकीत, म्हणजे वस्तूंच्या गतीच्या शास्त्रात, हेच दृश्य दिसते. मंदिरातील टांगलेला दिवा कोठूनही हलवून सोडा, हवेच्या व दोरीच्या घर्षणाने तो अखेर एकाच जागी स्थिरावतो. त्या जागेस स्थिरबिंदू म्हणतात. कापरेकरांचा ६१७४ हा अंकांच्या जगातील स्थिरबिंदू. घड्याळाचा लंबक मात्र थांबत नाही. कसाही ढकला, तो आपल्या नेहमीच्या झोक्यावर परत येतो. अंकांतही असे झोके आहेत. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात; पण दोन अंकी संख्या कोठेच थांबत नाहीत, त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांसही एक मुक्काम नाही. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तेथून परत ५३९५५, असा एक झोका त्यांच्यात आहे. तिसरीही एक जात आहे. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेंझ हा हवामानशास्त्रज्ञ आपले गणित यंत्रावर पुन्हा चालवीत असता त्याने ०.५०६१२७ ऐवजी नुसते ०.५०६ भरले, आणि थोड्याच वेळात दोन हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. कापरेकरांची रीत आरंभ विसरून जाते. लॉरेंझची रीत आरंभातील अल्पशी चूकही कधी क्षमा करीत नाही. एकच कृती वारंवार केली असता अखेर काय होते, हा प्रश्न मात्र दोघांचा एकच.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. कापरेकरांच्या हयातीत आपल्या येथील पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्या कामास हसण्यावारी नेले. त्यांचे काही लेख लहानसहान नियतकालिकांत आले. बाकीचे त्यांनी पुस्तिकारूपाने स्वखर्चाने छापले. टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र नव्हे. जी. एच. हार्डी या थोर इंग्रज गणितज्ञाने १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशाच अंकांच्या गमतींची उदाहरणे दिली आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत, हे त्यांतले एक. अशा गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांस शोभतात, त्यांत गणितज्ञास ओढ वाटावी असे काही नाही, असा त्याचा अभिप्राय. ६१७४ चे माहात्म्य आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. हातास आठच बोटे असती तर हा अंक कोणाच्या खिजगणतीत नसता. हा आक्षेप आम्ही मान्य करतो.

तथापि आमचे म्हणणे एवढेच की उत्तर आणि प्रश्न यांची किंमत निरनिराळी ठरवावी. ६१७४ हे उत्तर दहाच्या पटीपुरते असेल; पण 'ही कृती करीत राहिलो तर कोठे पोचू?' हा प्रश्न कोणत्याही पटीपुरता नाही. तो प्रश्न विचारण्याची आणि हाताने करून पाहण्याची सवय ही प्रयोगशाळेतील सवय आहे. ज्या शाळामास्तरापाशी ना प्रयोगशाळा होती ना यंत्र, त्याने अंकांचीच प्रयोगशाळा केली. शिवाय हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून हलके, असा जो सूर त्यात होता तो आम्हांस मान्य नाही. मद्रासच्या एका कारकुनाचे पत्र १९१३ साली याच हार्डीच्या हाती पडले आणि त्याने रामानुजनांस ओळखले. कापरेकर हे रामानुजन नव्हते, हे उघड आहे. पण पत्र वाचून पाहावे, हा हार्डीचा धडा आपण रामानुजनांपुरताच शिकलो काय, हा प्रश्न उरतोच.

काळाचा एक योगायोग पाहा. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांचे सहकारी १९५५ पासून एक गणकयंत्र बांधीत होते. ते १९६० साली कामास लागले आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ शब्द मावत. त्याच १९६२ साली कापरेकर देवळालीच्या शाळेतून निवृत्त झाले. एकीकडे अंकांस राबविणारे यंत्र उभे राहत होते, आणि दुसरीकडे अंकांवर जीव लावणारा मास्तर निवृत्तिवेतन पुरेना म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करीत होता. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. आज जगात ठिकठिकाणी संगणकाचे शिक्षण घेणारी मुले 'कापरेकर स्थिरांक' शोधणारी आज्ञावली सरावासाठी लिहितात. १९८६ साली कापरेकर वारले. विद्यापीठाचे पद त्यांस कधी लाभले नाही. पण त्यांचे नाव धारण करणारा अंक आणि आमच्या स्थानकाचे नाव धारण करणाऱ्या संख्या मागे राहिल्या.

व्याख्यानमालेत श्रोत्यांस काही घरी नेता यावे अशी अपेक्षा असते. आमची विनंती साधी आहे. उद्या कल्याणहून वा ठाण्याहून गाडीत बसाल तेव्हा चार अंक मनात धरा आणि वजाबाकी सुरू करा. शेजारी शाळेत जाणारे पोर असेल तर कागद त्याच्या हाती द्या; ६१७४ येईल हे मात्र त्यास आधी सांगू नका. ते त्याचे त्यास सापडू द्यावे. कापरेकर मास्तरांची आठवण ठेवण्याची याहून योग्य रीत आम्हांस सुचत नाही.