स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर

स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर हे घरगुती ध्वनियंत्रणेतील एक संयुक्त उपकरण आहे. नेटवर्क प्लेअर, डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक (डॅक), पूर्व-विवर्धक आणि शक्ती-विवर्धक हे चार घटक यात एकाच पेटीत सामावलेले असतात. इंटरनेटवरील संगीतसेवा, इंटरनेट रेडिओ किंवा घरातील संगणकावर साठवलेल्या ध्वनिफिती यांतील संगीत ते थेट स्पीकरपर्यंत पोहोचवते. त्यामुळे यंत्रणेसाठी या उपकरणाखेरीज केवळ स्पीकरची जोडी, स्पीकरच्या तारा आणि नेटवर्क जोडणी पुरेशी ठरते.

इतिहास

स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये 'स्लिम्प३' हा नेटवर्क प्लेअर बाजारात आणला. त्यातूनच पुढे 'स्क्वीझबॉक्स' ही मालिका विकसित झाली. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली. या उपकरणांना स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज असे. सोनॉस कंपनीच्या २००५ मधील 'झेडपी१००' या उपकरणात मात्र दर चॅनेलला ५० वॅटचा ॲम्प्लिफायर अंतर्भूत होता. त्यामुळे ते या प्रकारातील आरंभीच्या उपकरणांपैकी एक मानता येते. उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांपैकी लिनने २००७ मध्ये नेटवर्क प्लेअर आणला, तर नेम ऑडिओने २००९ मध्ये 'नेमयुनिटी' हे सर्वसमावेशक उपकरण सादर केले.

कार्यपद्धती

संगीत उपकरणापर्यंत दोन प्रकारे पोहोचते. ब्लूटूथमध्ये ध्वनी फोनमार्फत येतो आणि बहुधा माहितीचा काही अंश गाळून संक्षेपित केला जातो. फोन दूर नेल्यास वादन खंडित होते. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत मात्र फोन केवळ दूरनियंत्रकाचे काम करतो व उपकरण स्वतःच सेवेच्या सर्व्हरवरून संगीत घेते. घरातील संग्रहासाठी यूपीएनपी व डीएलएनए ही मानके प्रचलित आहेत.

डॅक या डिजिटल माहितीचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन चॅनेल मिळून हा वेग सुमारे १,४११ किलोबिट प्रतिसेकंद होतो. तो सामान्य घरगुती वाय-फाय जोडणीच्या क्षमतेत सहज बसतो.

निवडीचे निकष

शक्ती आणि स्पीकर: ॲम्प्लिफायरची निवड स्पीकर व खोली यांच्या संदर्भात केली जाते. उदाहरणार्थ, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल पातळीचा ध्वनी देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ही पातळी ६ डेसिबलने घटते. त्यामुळे ३ मीटरवर बसलेल्या श्रोत्याला अशा दोन स्पीकरमधून प्रत्येकी १ वॅटवर सुमारे ८० डेसिबल ऐकू येतात. बंद खोलीत भिंतींवरील परावर्तनामुळे ही पातळी थोडी अधिक असते. घरगुती श्रवणासाठी ही पातळी बरीच मोठी आहे. परंतु संगीतातील क्षणिक उच्चांक सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर गेल्यास त्या क्षणी १०० पट, म्हणजे प्रत्येकी १०० वॅट शक्ती लागते. याउलट शक्ती ५० वरून १०० वॅट केल्याने केवळ ३ डेसिबलची भर पडते. त्यामुळे वॅटच्या आकड्यातील लहानसहान फरकांना फारसे महत्त्व नसते.

शक्तीचा आकडा कोणत्या अटींवर दिला आहे, हेही पाहावे लागते. ४ ओहमवरील आकडा ८ ओहमवरील आकड्याहून मोठा दिसतो. तसेच १० टक्के विरूपणावर मोजलेली शक्ती ०.१ टक्क्यावर मोजलेल्या शक्तीशी तुलनीय नसते. कमी संरोधाच्या स्पीकरसाठी ४ ओहमवर स्थिर चालणारे उपकरण आवश्यक असते.

विवर्धनाचा वर्ग: लहान आकाराच्या अनेक उपकरणांत डी वर्गाचे विवर्धन असते. ते कमी उष्णता निर्माण करते. एबी वर्गाची उपकरणे तुलनेने जड असतात व त्यांना वायुवीजनासाठी अधिक मोकळी जागा लागते.

जोडण्या: दूरचित्रवाणी संचासाठी एचडीएमआय एआरसी, तबकडीवादकासाठी फोनो प्रवेश आणि सबवूफरसाठी स्वतंत्र निर्गम या सोयी प्रत्येक उपकरणात नसतात. नेटवर्कसाठी इथरनेटची तार वाय-फायपेक्षा अधिक भरवशाची मानली जाते.

खंडविरहित वादन: दोन ध्वनिफितींमध्ये क्षणभराचीही शांतता न येणे, याला खंडविरहित वादन म्हणतात. हिंदुस्तानी संगीताच्या अनेक ध्वनिमुद्रणांत विलंबित व द्रुत, किंवा आलाप, जोड व झाला असे भाग स्वतंत्र फितींत विभागलेले असतात. अशा वेळी ही सोय नसल्यास सलग मैफलीत खंड पडतो.

मर्यादा व टीका

चांगला ॲम्प्लिफायर काही दशके टिकू शकतो. त्यातील संगणकीय भाग मात्र त्याआधीच कालबाह्य होतो. सोनॉसने जानेवारी २०२० मध्ये 'झेडपी१००'सह काही जुन्या उपकरणांसाठी नवी सॉफ्टवेअर अद्यतने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. पुढे जुन्या उपकरणांसाठी स्वतंत्र ॲप कायम ठेवण्यात आले. गूगलच्या 'क्रोमकास्ट ऑडिओ' या स्ट्रीमिंग उपकरणाचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मार्च २०२५ मध्ये सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याने ही उपकरणे काही दिवस निरुपयोगी झाली होती. याउलट, स्क्वीझबॉक्सचे उत्पादन थांबल्यानंतरही त्याचे मुक्तस्रोत सर्व्हर सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी 'लिरियन' या नावाने चालू ठेवले आहे.

या कारणाने काही श्रोते साधा ॲम्प्लिफायर व वेगळा नेटवर्क प्लेअर असा पर्याय निवडतात. त्यात जागा व तारा अधिक लागतात, पण कालबाह्य झालेला भाग तेवढा बदलता येतो. एकाच पेटीतील उपकरण घ्यायचे असल्यास त्यात ॲनालॉग किंवा ऑप्टिकल प्रवेश असणे उपयुक्त ठरते. कारण नेटवर्कचा भाग बंद पडला तरी बाहेरील प्लेअर जोडून ॲम्प्लिफायर वापरात ठेवता येतो.

हेही पाहा

विवर्धक
ध्वनिक्षेपक
डेसिबल