अंगकोरचे तीन यात्रिक

इ. स. १६३२ च्या प्रारंभी मोरिमोतो उकोन्दायू काझुफुसा नावाचा एक जपानी सामुराई कंबोडियातील अंगकोर वाट या मंदिरात येऊन पोचला. दीर्घ सागरप्रवासात त्याने बुद्धाच्या चार मूर्ती जपून आणल्या होत्या. त्या त्याने तेथे अर्पण केल्या आणि आपल्या मातापित्यांना पुण्य लाभावे हा हेतू एका पाषाणस्तंभावर शाईने लिहून ठेवला. भिंतींवर नावे कोरणाऱ्या प्रवाशांविषयी कोणालाही ममत्व वाटत नाही. परंतु या पुत्राची अक्षरे वाचताना तो राग उतरतो.

या यात्रेत एक विलक्षण गोष्ट होती. त्या काळी कंबोडियात येणाऱ्या जपानी लोकांची अशी समजूत होती, की हे मंदिर म्हणजेच अनाथपिंडिकाने बुद्धाला अर्पण केलेला जेतवन विहार होय. त्यांच्यापैकी कोणी तरी मंदिराचा काळजीपूर्वक आराखडा काढला. त्याची १७१५ मधील प्रत जपानात मितो येथे जतन झाली, ती जेतवनाचा नकाशा म्हणूनच! विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती निरखली, तेव्हा खंदक, ओवऱ्या, शिखरे सारे अंगकोरचे निघाले. खरे जेतवन तेथून फार दूर, उत्तर प्रदेशातील श्रावस्तीच्या भूमीत होते. त्या स्थळाची ओळख कनिंगहॅमने पटवली ती १८६३ मध्ये. तोवर काझुफुसाच्या प्रार्थनेला दोनशे एकतीस वर्षे लोटली होती.

ज्या वास्तूपुढे तो नतमस्तक झाला, ती मुळात बौद्ध नव्हतीच. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मा याने ती विष्णूसाठी उभारली. पुढे देशात थेरवाद बौद्ध पंथ रुजला, राजधानी दक्षिणेकडे गेली. पण मंदिर ओस पडले नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास राजा आंग चान याने ओवरीच्या कोऱ्या राहिलेल्या भिंतींवर शिल्पे कोरवून घेतली. १५७७ आणि १५७९ चे शिलालेख राजघराण्याने केलेल्या जीर्णोद्धाराची व दानाची साक्ष देतात. देव बदलला, दिवा मात्र विझला नाही.

काझुफुसाच्या आधी सुमारे अर्धशतक, १५८६ च्या सुमारास, आंतोनियु द मादालेना हा पोर्तुगीज कॅपुचिन साधू तेथे जाऊन आला होता. त्याचा वृत्तान्त आपल्यापर्यंत आला तो गोव्याच्या मार्गाने. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतो याने गोव्यात तो टिपून ठेवला. १५८९ मध्ये मादालेना जहाज फुटून मरण पावला. कोतोचे ते टिपण कागदपत्रांत पडून राहिले आणि १९५८ मध्ये प्रथम छापले गेले. दरम्यान युरोपात तर्कांना ऊत आला होता. एका स्पॅनिश धर्मोपदेशकाने १६०१ मध्ये हे नगर सिकंदराने अथवा रोमन लोकांनी वसविले असावे, असे लिहिले. त्याच्या पोथीत पूर्वेकडील महान शिल्पींसाठी दुसरी नावेच नव्हती.

तिसरा यात्रिक आंरी मूओ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. १८६० च्या जानेवारीत त्याने मंदिर पाहिले आणि ग्रीस-रोमच्या अवशेषांहूनही त्याला श्रेष्ठ ठरविले. हे कोणी बांधले, असे त्याने स्थानिकांना विचारले. कोणी देवांच्या राजाचे नाव सांगितले, कोणी राक्षसांचे. मूओलाही समोरच्या दरिद्री शेतकऱ्यांत त्या शिल्पकारांचे वंशज दिसेनात. पुढील वर्षी तो लाओसमध्ये निवर्तला. त्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि 'मूओने अंगकोरचा शोध लावला' ही आख्यायिका जगभर पसरली. वास्तविक त्याच्या दहा वर्षे आधी बुईव्हो हा फ्रेंच धर्मोपदेशक तेथे जाऊन आला होता; आणि आवारातील मठांत भिक्षू राहत होते, त्यांना तर शोधण्याजोगे काही नव्हतेच. 'हरवलेले मंदिर' हा शब्दप्रयोग निरुपद्रवी वाटतो खरा. पण मंदिर हरवले म्हटले, की ते सांभाळणारी माणसेही इतिहासातून हरवतात.

भारतीय प्रवाशाने या तिघांना हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पश्चिमेच्या ओवरीत त्याला कुरुक्षेत्रावरील रणधुमाळी आणि लंकेचे युद्ध दिसते, पूर्वेच्या ओवरीत देव-दानव वासुकीला धरून समुद्र घुसळताना दिसतात, आणि त्याला वाटते, हे तर आपलेच! हा आनंद खोटा नाही. भारताच्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, यादवीने होरपळलेल्या कंबोडियात, या मंदिराच्या जतनाचे काम केले, त्यामागेही हा जिव्हाळा होताच. परंतु 'आपलेच' म्हणताना ख्मेर स्थपती, पाथरवट आणि दगड वाहणारे हात नजरेआड झाले, तर त्याची चूक सिकंदराचे नाव घेणाऱ्याहून फारशी निराळी ठरत नाही. जेतवन समजून आलेल्या काझुफुसाने निदान मूर्ती अर्पण केल्या. मालकी सांगितली नाही.

मंदिराच्या पश्चिम प्रवेशद्वारात अष्टभुज विष्णूची एक भव्य मूर्ती उभी आहे. आसपासचे गावकरी तिला 'ता रीच' म्हणतात आणि स्थानाचा रक्षक मानून तिच्यापुढे उदबत्त्या लावतात. परदेशातून आलेला प्रवासी तिचे आयुधांवरून नाव ठरवील, काळ ठरवील, शैली ठरवील. ते अवश्य करावे. मात्र शेजारी उदबत्ती घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला ती कोणाची मूर्ती आहे हे एकदा विचारावे, आणि तिचे उत्तरही आपल्या टिपणवहीत लिहून घ्यावे.